चाळीस दारे आणि एक प्रश्न

आमच्या गिरगावातल्या चाळीला तीन मजले होते, चाळीस बिऱ्हाडे होती आणि वाचनालय मात्र नव्हते. त्याची उणीव कोणाला फारशी भासत नसे. प्रत्येक बिऱ्हाडात खाटेखाली एक पत्र्याची ट्रंक असे आणि त्या ट्रंकेत लग्नातल्या शालूबरोबर मासिकांचे जुने अंक, दिवाळी अंक, पाने सुटलेल्या कादंबऱ्या डांबराच्या गोळ्या घालून जपून ठेवलेल्या असत. म्हणजे वाचनालय होते, पण ते चाळीस ट्रंकांत विभागलेले होते. त्याची यादी नव्हती, ग्रंथपाल नव्हता. अमुक एक अंक कोणाकडे आहे हे शोधायचे तर उपाय एकच: घरातल्या लहान पोराला दारोदार पिटाळायचे.

१९६२ सालच्या पावसाळ्यात ते पोर मी होतो. वय वर्षे नऊ. आमच्या अक्काचे लग्न ठरत आले होते. मुलगा येऊन पाहून गेला होता, पत्रिका जमली होती, देण्याघेण्याची बोलणीही बहुतेक झाली होती. अशात एके दिवशी दुपारी आईने मला स्वयंपाकघरात बोलावले. ती आवाज खाली आणून म्हणाली, "दोन-तीन वर्षांपूर्वी एका मासिकात क्षयावर लेख आला होता. माणसानं घरीच औषधं घेतली तरी तो बरा होतो, असं त्यात लिहिलं होतं. तो अंक कुणाकडे आहे का बघून ये. आणि हे बघ, हळू विचार."

आता 'हळू' या शब्दाचे मराठीत दोन अर्थ आहेत, हे त्या माउलीच्या ध्यानात आले नाही. हळू म्हणजे सावकाश, असा अर्थ घेऊन मी निघालो. सावकाश, एकही दार न गाळता, तिन्ही मजल्यांवर मी खणखणीत आवाजात विचारीत गेलो: "काकू, तुमच्याकडे क्षयावरचा लेख आलेला अंक आहे का? आईला हवाय."

अंक मिळाला. सतरा नंबरच्या खोलीत एक सेवानिवृत्त मास्तर राहत. त्यांच्या ट्रंकेत तो अगदी तळाशी होता. अर्ध्या तासात मी तो आईच्या हातात ठेवला आणि मोठा पराक्रम केल्याच्या थाटात खेळायला पळालो. पण प्रश्न माझ्याहून चपळ होता. मुलाची एक मावशी तिसऱ्या मजल्यावर राहत असे. चौथ्या दिवशी निरोप आला की पत्रिका पुन्हा एका जाणत्या ज्योतिष्याला दाखवली, तेव्हा एकनाड निघाली. सबब योग नाही.

नानांना क्षय झाला आहे ही गोष्ट तोवर डॉक्टर, आई आणि नाना या तिघांखेरीज कोणालाही ठाऊक नव्हती. आई कोणाजवळ एक अक्षर बोलली नव्हती. तिने फक्त प्रश्न विचारला होता.

ही साठ वर्षांपूर्वीची गोष्ट आज दिवाळी अंकात सांगत बसण्याचे कारण अक्काची नात. अक्काचे लग्न पुढे १९६५ साली झाले, चांगले झाले. तिला मुले, सुना, नातवंडे आहेत. त्यांतली ही नात संगणकाच्या शास्त्रात वरच्या परीक्षा देते आहे. गेल्या मे महिन्यात ती माझ्याकडे चार दिवस राहायला आली होती. सकाळच्या चहाला मी सहज विचारले, "तू नेमका कशाचा अभ्यास करतेस ग?" त्यावर ती म्हणाली, "मामाआजोबा, समजा पुष्कळ माणसांकडे आपापल्या कागदांचे गठ्ठे आहेत. ते गठ्ठे एका जागी आणायचे नाहीत. तरी कुणाकडे हवा तो कागद आहे का, हे शोधता यायला हवं. आणि काय शोधलं ते कुणालाही कळता कामा नये. हे कसं करायचं, त्याचा."

माझ्या हातातली बशी कपावर आपटली. ती मुलगी आमच्या चाळीबद्दल बोलत होती!

तिच्याकडून चार दिवसांत जे समजून घेतले आणि नंतर स्वतः वाचून पडताळले, ते वाचकांपुढे ठेवतो. मी पस्तीस वर्षे पोस्टात काढली, संगणकशास्त्रात नव्हे. तेव्हा दाखले पोस्टातले आणि चाळीतले येतील, ते गोड करून घ्यावे.

संगणकांच्या जगात असली चाळ पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर वसली ती १९९९ साली. शॉन फॅनिंग नावाच्या एका अमेरिकन कॉलेजकुमाराने 'नॅपस्टर' नावाची योजना काढली. ज्याच्या संगणकावर जी गाणी असतील ती त्याने तिथेच ठेवायची; कोणाकडे काय आहे याची यादी मात्र नॅपस्टरच्या कचेरीतल्या यंत्रात. यादी पाहायची आणि गाणे थेट त्या माणसाच्या संगणकावरून आणायचे. यात मधला दुकानदार नाही. सगळे बरोबरीचे बिऱ्हाडकरू. इंग्रजीत याला 'पीअर टू पीअर' म्हणतात. लोकांच्या उड्या पडल्या, आणि गाण्यांचे मालक त्याच वर्षाअखेर कोर्टात गेले. गाणी विखुरलेली होती, पण यादी एका जागी होती. तेवढे एक दार बंद केले की सारा खेळ संपला. जुलै २००१ मध्ये तो संपला.

त्याच्याही आधी, मार्च २००० मध्ये, जस्टिन फ्रँकेल आणि टॉम पेपर या दोघांनी यादीच नसलेली चाळ बांधली होती. तिचे नाव 'न्यूटेला'. त्यांच्या मालक कंपनीने, एओएलने, ती लगोलग मागे घ्यायला लावली, पण तोवर ती हजारो घरांत पोहोचली होती. हिच्यात शोध कसा चाले? तुम्ही तुमचा प्रश्न शेजारच्या चार-पाच संगणकांना विचारायचा. ते आपली ट्रंक पाहतात आणि तोच प्रश्न आपल्या शेजाऱ्यांना विचारतात. ते त्यांच्या. साधारण सात टप्पे झाले की प्रश्न थांबतो. ज्याच्याकडे वस्तू असेल त्याचे उत्तर आल्या वाटेने परत येते.

वाचकहो, हे ऐकताना मला नऊ वर्षांचा मीच दिसू लागलो. कारण तो प्रश्न उघडा जात असे. पोस्टाच्या भाषेत सांगायचे तर ते पाकीट नव्हते, पोस्टकार्ड होते. आणि पोस्टकार्ड वाचायचे नाही असा कितीही नियम असला, तरी वाटेतल्या प्रत्येक हाताला ते वाचता येते, हे मी अधिकाराने सांगू शकतो. प्रश्नावर विचारणाऱ्याचे नाव नसे, हे खरे. पण पहिल्या शेजाऱ्याला संशय घेण्याइतके कळतच असे. आमच्या चाळीतही मी आईचे नाव सांगितले नसते, तरी मी कोणाचा मुलगा हे काय कोणाला ठाऊक नव्हते?

ट्रंकांचीही तीच तऱ्हा. 'कझा' नावाची अशीच एक योजना पुढे फार लोकप्रिय झाली. २००२ साली नेथनिएल गुड आणि आरन क्रेकेलबर्ग या दोन संशोधकांनी तिची पाहणी केली. बारा माणसांना संगणकापुढे बसवून विचारले, की या यंत्रावरच्या कोणत्या वस्तू तुम्ही जगाला उघड्या केल्या आहेत? खरे उत्तर होते: सगळ्या. ते बारांपैकी दोघांना सांगता आले. बाकीच्यांना वाटत होते, आपण चार गाणी ओसरीवर मांडली आहेत. प्रत्यक्षात घराची मागची-पुढची दोन्ही दारे सताड उघडी होती. खुद्द त्या जाळ्यात शोध घेतला तेव्हा लोकांच्या खाजगी पत्रव्यवहाराच्या पेट्याच्या पेट्या हाती लागल्या.

उघड्या ट्रंकेचा धोका कोणालाही समजतो. कुलूप घाल म्हणून सांगता येते. प्रश्नातला धोका माणसांच्या लक्षात यायला वेळ लागतो. तो जगाच्या लक्षात आला ऑगस्ट २००६ मध्ये. त्याच एओएल कंपनीने, अभ्यासकांना उपयोग व्हावा म्हणून, सुमारे साडेसहा लाख ग्राहकांनी तीन महिन्यांत विचारलेले दोन कोटींच्या आसपास शोध जाहीर करून टाकले. सभ्यपणा म्हणून नावे काढून त्या जागी आकडे घातले होते. 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या बातमीदारांनी त्यांतला एक आकडा धरला, त्या आकड्याने काय काय शोधले ते ओळीने लावले, आणि काही दिवसांत ते एका वृद्ध बाईंच्या दारात जाऊन उभे राहिले. गावातल्या माळीकामवाल्यांपासून तऱ्हेतऱ्हेच्या दुखण्यांपर्यंत बाईंनी जे जे विचारले होते, त्यानेच त्यांचा पत्ता सांगितला. कंपनीने यादी मागे घेतली, माफी मागितली. पण सुटलेला कागद परत येत नसतो. त्या बाईंनी कोणाला काही सांगितले नव्हते. त्यांनी फक्त प्रश्न विचारले होते.

इथवर ऐकल्यावर मी त्या पोरीला म्हटले, "हे झालं दुखण्याचं वर्णन. औषध काय?"

ती म्हणाली, "आधी ज्यांना हे औषध जिवापाड हवं होतं, त्यांची गोष्ट ऐका."

एप्रिल २०१६ मध्ये 'पनामा पेपर्स' नावाचे प्रकरण गाजले ते वाचकांना आठवत असेल. पनामातल्या एका वकिली पेढीचे एक कोटी पंधरा लाख कागद बाहेर आले आणि देशोदेशीच्या धनिकांनी, पुढाऱ्यांनी परदेशी कंपन्यांच्या आड ठेवलेला पैसा उजेडात आला. आपल्याकडे 'इंडियन एक्सप्रेस'ने ते काम केले. ऐंशीच्या आसपास देशांतले पत्रकार यात एकत्र आले होते आणि त्यांची मोट बांधणारी संस्था होती 'इंटरनॅशनल कन्सॉर्टियम ऑफ इन्व्हेस्टिगेटिव्ह जर्नालिस्ट्स'. ते कागद एका ठिकाणी ठेवून सर्वांना त्यांत शोधण्याची सोय केलेली होती.

पण प्रत्येक पत्रकाराची स्वतःची अशी एक ट्रंक असतेच. कोणी विश्वासाने दिलेले कागद, नोंदी, पत्रे. ते तो दुसऱ्याच्या हवाली करणार नाही. केले तर ज्याने दिले त्याची नोकरी जायची, कधी प्राणही जायचे. ही अतिशयोक्ती नव्हे. माल्टातल्या डाफ्ने कारुआना गालिझिया या पत्रकार बाई तिथल्या सत्ताधाऱ्यांचे भ्रष्टाचार लिहीत. १६ ऑक्टोबर २०१७ रोजी त्यांच्या गाडीत बॉम्ब ठेवून त्यांना मारण्यात आले.

आता समजा, एका देशातल्या बातमीदाराला एका मंत्र्याचा संशय आहे. दुसऱ्या देशातल्या कोणाच्या तरी ट्रंकेत त्या मंत्र्याच्या नावाचा कागद असण्याचा संभव आहे. विचारायचे कसे? नाव उच्चारले की तपास चालू आहे हे फुटले. न विचारावे तर दोन अर्धे कागद दोन ट्रंकांत पडून राहतात आणि मंत्रिमहाशय सुखाने झोपतात. माझी आई नेमकी याच पेचात होती, फक्त तिच्या मंत्र्याचे नाव क्षय होते.

स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरातल्या तंत्रविद्यापीठात कार्मेला त्रोंकोसो यांच्याकडे या पेचावर काम झाले. कस्रा एदालतनेजाद आणि त्यांचे सहकारी यांनी त्या पत्रकार-संघटनेबरोबर बसून एक योजना आखली आणि २०२० साली ती विद्वानांच्या परिषदेत मांडली. तिचे नाव 'डेटाशेअर नेटवर्क'. कागद ज्याच्या त्याच्या संगणकावरच राहतात. शोध सर्वांकडे जातो. आणि शब्द कोणालाही कळत नाही.

मी म्हटले, "पोरी, ही लोणकढी आहे. शब्द कळलाच नाही तर समोरचा ट्रंकेत पाहणार काय, कपाळ?"

तिने माझ्याकडून दूधवाल्याच्या हिशेबाची वही मागून घेतली. वाचकांनीही पेन्सिल घ्यावी. तिसरीतले गणित पुरेल.

समजा, प्रत्येक शब्दाला एक आकडा द्यायचा, असा नियम सर्वांना माहीत आहे. 'क्षय' या शब्दाचा आकडा १२. सतरा नंबरच्या मास्तरांनी स्वतःशी एक गुपित आकडा ठरवला, ५. आपल्या ट्रंकेतल्या अंकांत जे जे शब्द आहेत त्यांच्या आकड्यांना त्यांनी ५ ने गुणले आणि ते गुणाकार दारावर लावून टाकले. त्यांत १२ पंचे ६० हाही एक. जाणाऱ्या-येणाऱ्याला नुसते आकडे दिसतात. ५ ठाऊक नसल्याने अर्थ लागत नाही.

आता आई आपला गुपित आकडा ठरवते, ७. ती १२ ला ७ ने गुणते आणि ८४ असा आकडा लिहून पोराच्या हाती देते. पोराने तो वाटेल तेवढ्या मोठ्याने ओरडावा. मास्तर ८४ ला आपल्या ५ ने गुणून ४२० परत पाठवतात.

"चारशेवीस!" मी म्हटले. "तरीच मला वास येत होता."

ती हसली, पण थांबली नाही. आई ४२० ला आपल्या ७ ने भागते. आले ६०. ती मास्तरांच्या दारावरची यादी पाहते. तिथे ६० आहे! म्हणजे मास्तरांच्या ट्रंकेत क्षयाचा लेख आहे. मास्तरांना काय कळले? कोणीतरी ८४ विचारले. ८४ म्हणजे क्षय, की काविळ, की कोथिंबिरीच्या वड्या, हे सांगायला ७ पाहिजे, आणि ७ आईच्या डोक्यात आहे. बरे, मास्तरांच्या ट्रंकेत बाकी काय काय आहे, हे आईलाही कळले नाही. तिने विचारले त्या एकाच शब्दाचे उत्तर तिला मिळाले.

मी ती वही बराच वेळ उलटीसुलटी करून पाहिली. पोस्टातला माणूस चूक काढल्याशिवाय राहत नाही. मी म्हटले, "पण आई हुशार असली तर ६० ला १२ ने भागील आणि मास्तरांचा ५ ओळखून सगळी यादी वाचील!"

तिला इतका आनंद झाला की तिने माझ्या पाठीवर थाप मारली. चूक बरोबर तिथेच होती. म्हणून खऱ्या योजनेत साधा गुणाकार नसतो. तिथे आकडा त्याच आकड्याने पुन्हा पुन्हा गुणीत जाण्यासारखी एक क्रिया असते, आकडे पाऊणशे-पाऊणशे अंकी असतात, आणि ती क्रिया पुढे करायला क्षण पुरतो पण उलटी करायला जगातले संगणक एकत्र केले तरी पुरत नाहीत. व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी १९७६ साली ही एकेरी वाट गुप्त संदेशांसाठी वापरून दाखवली. पुढे अँड्रयू याओ यांनी १९८२ साली असाच एक गमतीदार प्रश्न टाकला: दोन लक्षाधीशांना आपल्यापैकी अधिक श्रीमंत कोण हे ठरवायचे आहे, पण आपली मिळकत सांगायची नाही, तर काय करावे? त्याचेही उत्तर गणिताने देता येते हे त्यांनी दाखवले. व्याही-मंडळींच्या बैठकीत याचा उपयोग व्हावा असे मला फार वाटते.

यातली मला भावलेली गोष्ट अशी, की प्रश्न चाळीसच्या चाळीस दारांवर जातोच. त्यात चोरी काहीच नाही. मी दारोदार गेलो हा माझा दोष नव्हताच मुळी. दोष हा होता, की दारांना शब्द ऐकू आला.

पण चेहऱ्याचे काय? ८४ म्हणत मीच फिरलो तर आमच्या घरात काहीतरी शिजते आहे, हे मावशींना कळणारच. याची तोड ऐकून मात्र मी खुर्चीतून उठलोच, कारण ती सरळ माझ्या सॉर्टिंगच्या खोलीतून उचललेली होती. पोस्टात कागद लावायचे खण असतात तसे या योजनेत खण असतात. प्रश्न एका फळ्यावर लागतो, त्यावर नाव नसते. उत्तर द्यायचे ते विचारणाऱ्याच्या घरी नव्हे, एका खणात टाकायचे. तो खण कोणाचा, हे फक्त दोघांच्या यंत्रांनी आपसात केलेल्या गणिताने ठरते; खण सांभाळणाऱ्यालाही ते कळत नाही, आणि एक खण पुन्हा वापरला जात नाही. आपल्याकडे वर्तमानपत्रांत 'वधू पाहिजे'च्या जाहिरातींखाली 'बॉक्स नंबर अमुक' असे असायचे ना, तसेच. फरक एवढाच, की तिथे वर्तमानपत्राच्या कचेरीतल्या कारकुनाला तरी नाव ठाऊक असे. खणांचा दुसरा फायदा असा, की दोघांनी एकाच वेळी जागे असण्याची गरज नाही. दिल्लीच्या बातमीदाराने रात्री विचारावे, अर्जेंटिनातल्याने सवडीने संगणक उघडला की उत्तर खणात पडावे. उत्तराला वेळ लागतो, पण असल्या तपासाला महिने जात असतात. तास-दीड तासाचे कोणाला काय!

आणि कोणी लबाडाने अख्खा शब्दकोश एकेक शब्द करून विचारला तर? मग मास्तरांची ट्रंक रिकामीच व्हायची. म्हणून विचारण्यावर रेशन ठेवलेले आहे. प्रत्येक सभासदाला ठराविक मुदतीत ठराविक कुपने. कुपनावर संघटनेचा शिक्का असतो, पण कुपन कोणाचे ते शिक्का मारणाऱ्यालाही ओळखता येत नाही. या तऱ्हेच्या शिक्क्याची कल्पना डेव्हिड चॉम यांनी १९८२ साली मांडली, आणि समजावताना त्यांनी दाखला दिला कार्बन पेपरचा: कागदावर कार्बन ठेवून पाकीट बंद करावे, वरून सही करून घ्यावी. सही आतल्या कागदावर उमटते, आणि सही करणाऱ्याने कागद पाहिलेला नसतो. पस्तीस वर्षांत मी हजारो कार्बन वापरले. हे मला कधी सुचले नाही.

सगळे सोने आहे असे नव्हे. मास्तरच लबाड असले, आणि नसलेल्या शब्दांचे आकडे त्यांनी दारावर लावले, तर गणित त्यांना खोटे पाडू शकत नाही. शब्द आहे एवढे कळले तरी कागद मागायला शेवटी त्या एका दारात जावे लागतेच, आणि तिथे माणूस कसा निघेल हे नशीब. शिवाय इतकी आकडेमोड करायची म्हणजे साध्या शोधापेक्षा खर्च जास्त. आपण रोज उठून सिनेमाच्या वेळा विचारतो, त्याला कोणी हे कुलूप लावीत बसणार नाही. आणि आपण रोज ज्यांना विचारतो ते मोठे शोधदुकानदार तर हे कुलूप लावणारच नाहीत. प्रश्न ऐकणे हाच त्यांचा धंदा आहे.

चार दिवस झाल्यावर त्या पोरीला पोहोचवायला मी डोंबिवलीला गेलो. अक्का आता त्र्याऐंशी वर्षांची आहे. कान उत्तम, डोळे जरा अधू. साठ वर्षे मी तिच्याजवळ त्या दुपारचा विषय काढला नव्हता. तिला ठाऊक नसावे अशीच माझी समजूत होती. जेवणे झाल्यावर धीर करून मी सांगितले: "अक्का, तुझं ते पहिलं ठरत आलेलं लग्न मी मोडलं." आणि चाळीस दारांची गोष्ट सांगितली.

तिने सुपारी कातरता कातरता ऐकून घेतले. मग म्हणाली, "अरे, मी गॅलरीतच उभी होते. तू दुसऱ्या मजल्यावर ओरडत होतास ते सगळ्या चाळीनं ऐकलं, मी काय बहिरी होते?"

"मग इतकी वर्षं बोलली नाहीस ती?"

"काय बोलायचं? अंक मिळाला ना? त्यात काय होतं ते आईनं मला वाचायला लावलं होतं. आई तोवर नानांना मिरजेला पाठवायला निघाली होती, सॅनिटोरियममध्ये. घरात खर्चाला काही उरलं नसतं."

मला हे माहीत नव्हते. तो लेख मद्रासच्या पाहणीवरचा असणार. क्षयाच्या रोग्याला सॅनिटोरियममध्ये ठेवले काय आणि घरी ठेवून नेमाने औषधे दिली काय, गुण सारखाच येतो आणि घरच्यांना जास्तीचा धोका होत नाही, असे मद्रासच्या केंद्राने १९५९ साली दाखवून दिले होते. नाना घरीच राहिले. वर्षभर औषधे घेतली, बरे झाले, पेढीवर परत गेले. ते गेले १९८१ साली, आणि तेही वयाने.

"आई गप्प बसली असती तर?" अक्का म्हणाली. "तुझी ती मावशी गेली खड्ड्यात. दुसऱ्या मजल्यावर त्या कोपऱ्यातल्या खोलीत कोण आजारी होतं आठवतं? त्यांनी कुणाला विचारलं नाही. अब्रू राहिली, आणि माणूस गेला."

थोडा वेळ कोणी बोलले नाही. नातीने मग वही काढली. तिने अक्काला नियम समजावला: शब्दाला आकडा कसा द्यायचा, आपला गुपित आकडा कसा ठरवायचा. माझ्या आठवणीतल्या चाळीतल्या गोष्टींचे वीस-पंचवीस शब्द मी एका कागदावर उतरवले, माझ्या गुपित आकड्याने गुणून गुणाकारांची यादी केली आणि अक्कापुढे ठेवली. अक्काने बोटांवर हिशेब केला, पाठ करून बसली, काहीतरी लिहिले, मला एक आकडा दिला. मी गुणून परत दिला. तिने भागाकार केला, एकदा चुकला म्हणून पुन्हा केला, आणि चष्मा पुढे ओढून माझ्या यादीवरून बोट फिरवीत गेली. यादीच्या मध्यावर एका जागी बोट थांबले.

"सापडला?" मी विचारले.

"सापडला."

"कुठला शब्द घेतला होतास?"

अक्काने कागदाची चौघडी घातली, चष्म्याच्या डबीत ठेवली आणि डबी बंद केली. म्हणाली, "सांगायचं नसतं ना?"